लॉयटेन, 1757: पायांनी जिंकलेली लढाई

लॉयटेनची लढाई समजावून सांगायला आगपेटीतल्या दोन काड्या पुरतात. एक अख्खी काडी टेबलावर उभ्या रेषेसारखी ठेवा. ही ऑस्ट्रियाची फौज, साधारण 65,000 माणसं. दुसरी काडी मोडून अर्धी करा. ही प्रशियाची, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या एका राज्याची, 35,000 च्या आसपास. आता अर्धी काडी मोठीच्या समोर न ठेवता तिच्या खालच्या टोकाला तिरकी टेकवा. झालं. मोठ्या काडीचं टोक मार खातंय आणि उरलेली काडी लांबून बघत बसली आहे. 5 डिसेंबर 1757 रोजी प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने हेच केलं आणि जवळजवळ दुप्पट शत्रूला डिसेंबरच्या एका आखूड दुपारी उधळून लावलं.

लढाईची बहुतेक वर्णनं इथेच थांबतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. इतकं सोपं होतं तर सगळ्यांनीच हे का नाही केलं? ही युक्ती गुप्तही नव्हती. ग्रीसमध्ये इ.स.पू. 371 साली ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्सच्या एपॅमिनॉन्डसने एका बाजूला सगळं बळ एकवटून स्पार्टाला हरवलं होतं, आणि युरोपातला प्रत्येक शिकलेला सेनापती ते वाचून होता. खुद्द फ्रेडरिकने लॉयटेनच्या सहा महिने आधी हीच युक्ती करून पाहिली आणि सपशेल आपटला. मला स्वतःला लॉयटेनमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: काडी कुठे ठेवायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पस्तीस हजार माणसांची काडी शत्रूच्या डोळ्यांदेखत तिथवर न्यायची कशी, आणि ती न मोडता न्यायची कशी, हा खरा प्रश्न होता.

भांडण सिलेसियाचं

सिलेसिया म्हणजे ओडर नदीच्या खोऱ्यातला सुपीक, विणकरांचा, खाणींचा प्रांत. आज त्याचा बहुतेक भाग पोलंडमध्ये आहे. 1740 च्या ऑक्टोबरात सम्राट सहावा चार्ल्स वारला आणि ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याची सगळी राज्यं त्याच्या 23 वर्षांच्या मुलीकडे, मारिया तेरेसाकडे आली. मुलीचा वारसा मान्य करू अशी वचनं बापाने युरोपभरातून लिहून घेतली होती. त्याच वर्षी प्रशियाच्या गादीवर आलेल्या 28 वर्षांच्या फ्रेडरिकने डिसेंबरात सिलेसियात फौज घुसवली. जुने हक्क वगैरे त्याने पुढे केले, पण सरळ सांगायचं तर त्याने तो प्रांत बळकावला. संधी दिसली आणि हातात बापाने तयार करून ठेवलेली फौज होती. मारिया तेरेसा हे कधी विसरली नाही. लॉयटेनच्या युद्धकौशल्याचं कौतुक करताना ही सुरुवात नजरेआड करू नये असं मला वाटतं, कारण पुढची सगळी माणसं या एका निर्णयापायी मेली.

1756 पर्यंत मारिया तेरेसाने फ्रान्स आणि रशियाला आपल्या बाजूला वळवलं. फ्रेडरिकच्या बाजूला मोठं असं ब्रिटनच. हेच ते सप्तवार्षिक युद्ध, ज्याची एक शाखा आपल्याकडेही पसरली होती. 18 जून 1757 ला बोहेमियात कोलीनला फ्रेडरिक हरला, आणि पाचच दिवसांनी, 23 जूनला, बंगालमध्ये प्लासी झाली.

कोलीनला झालं ते पुढे लागणार आहे, म्हणून थोडक्यात. फ्रेडरिकला ऑस्ट्रियन फौजेच्या समोरून चालत जाऊन तिच्या उजव्या टोकावर हल्ला करायचा होता. पण चालणाऱ्या रांगांवर शत्रूचे हलके सैनिक गोळ्या झाडत होते. मधल्या काही तुकड्यांना ते सहन झालं नाही, त्या जागेवरच वळून समोर धावल्या. एक तुकडी वळली की तिच्या मागची थांबते, मग तीही वळते. टोकावरचा हल्ला बाजूलाच राहिला आणि टेकडीवर तोफा लावून बसलेल्या शत्रूवर समोरासमोर चढाई झाली. तेरा हजारांहून जास्त माणसं गेली.

नोव्हेंबरात नशीब फिरलं. 5 नोव्हेंबरला सॅक्सनीत रॉसबाख इथे फ्रेडरिकने फ्रेंच आणि जर्मन संस्थानांच्या संयुक्त फौजेला दीड-दोन तासांत मोडलं. पण तो तिकडे पश्चिमेला गुंतला होता तेवढ्यात ऑस्ट्रियाने सिलेसिया जवळजवळ परत घेतला. श्वाइडनिट्सचा किल्ला पडला, 22 नोव्हेंबरला राजधानी ब्रेस्लाऊबाहेर प्रशियाची दुसरी फौज हरली आणि दोन-तीन दिवसांत शहरही गेलं. फ्रेडरिक तेरा-चौदा हजार माणसं घेऊन लाइपझिगहून निघाला आणि दोन आठवड्यांत सुमारे 300 किलोमीटर चालत आला. वाटेत ब्रेस्लाऊला हरलेल्या फौजेचे उरलेसुरले लोक घोडदळाचा म्हातारा सेनापती त्सीटेन याने आणून मिळवले. हिवाळा लागला होता. त्या काळच्या रिवाजाने आता दोन्ही बाजूंनी छावण्या टाकून वसंताची वाट बघायची. पण फ्रेडरिकला ते परवडणारं नव्हतं. सिलेसियाचं धान्य, पैसा आणि भरतीची माणसं ऑस्ट्रियाकडे राहिली असती तर वसंतात लढायला त्याच्याकडे काही उरलं नसतं.

3 डिसेंबरला पार्खविट्सच्या छावणीत त्याने सरदारांना गोळा केलं. एरवी तो फ्रेंच बोलायचा, त्या दिवशी जर्मन बोलला. युद्धशास्त्राचे सगळे नियम मोडून मी जवळजवळ दुप्पट शत्रूवर चालून जाणार आहे, ज्याला बरोबर यायचं नसेल त्याने आत्ताच रजा घ्यावी, मी एका शब्दानेही दोष देणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्यापुढे धाकही होता: जी पलटण कच खाईल तिची निशाणं काढून घेतली जातील. कोणी गेलं नाही.

रांग का लावायची?

आजच्या वाचकाला या काळच्या लढाया वेड्यासारख्या वाटतात. रंगीत कोट घातलेली माणसं उघड्या माळावर खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि समोरून येणाऱ्या गोळ्या झेलतात. लपत का नाहीत?

कारण त्यांच्या हातातली बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत, गोळी सैलसर, त्यामुळे नेम म्हणजे नशीब. शंभर पावलांपलीकडच्या एका माणसाला टिपता येईल याची खात्री नाही. प्रत्येक बार झाला की काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. हे सगळं उभं राहूनच नीट होतं. तरबेज सैनिक मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. एकट्याची बंदूक निकामी, पण सहाशे बंदुका एकदम उडाल्या की समोर भिंत असो नसो, पडझड होते. म्हणून तीन-तीन ओळींच्या लांबलचक रांगा. जितकी लांब रांग, तितक्या जास्त बंदुका शत्रूवर रोखलेल्या.

पण या रांगेचा एक मोठा दुबळेपणा आहे. तिचं सगळं बळ समोर असतं. तिच्या टोकावर, म्हणजे बगलेवर कोणी आला तर त्याच्याकडे फार तर तीन-चार बंदुका वळलेल्या असतात, आणि त्याच्या शेकडो बंदुका मात्र रांगेची अख्खी लांबी झोडपत जातात. समोरून मारलेला तोफेचा गोळा तीन माणसं पाडतो. बाजूने मारलेला तोच गोळा कितीही पाडू शकतो. म्हणून प्रत्येक सेनापती बगल जपायचा: तिथे टेकडी, दलदल, गाव काहीतरी आडोसा शोधायचा. आणि प्रत्येक सेनापती दुसऱ्याची बगल शोधायचा.

आता मुख्य गोष्ट. शाळेत असताना स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात मी नेहमी ओळीच्या बाहेरच्या टोकाला असायचो. आठ जणांची ओळ मैदानाच्या कोपऱ्यात वळायची तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटायचा आणि मला जवळजवळ पळावं लागायचं, तेही शेजाऱ्याशी खांदा जुळवून. आठ जणांना ते महिनाभर सराव करून जेमतेम जमायचं. आता ही ओळ आठ जणांची नाही, कित्येक किलोमीटर लांब आहे अशी कल्पना करा. ती अख्खी वळवणं अशक्य. म्हणजे एकदा फौज रांगेत उभी राहिली की तिचं तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेला ती लढणार. बगलेवर हल्ला आला तर गोंधळ, आणि बगलेवर हल्ला करायचा तर आधी आपल्याच रांगेला तिथे नेऊन नव्या दिशेने उभं करायचं. ती नव्या जागी उभी राहीपर्यंत शत्रू काय झोपलेला असतो?

प्रशियाची कवायत इथे कामाला आली. जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा असतात, त्या आठवा. पट्ट्या उघड्या असताना एकामागे एक, मधे फट. कळ फिरवली की सगळ्या पट्ट्या एकदम वळतात आणि एक अखंड फळी होते. प्रशियाची पलटण तशी चालायची. तिच्या लहान लहान तुकड्या एकामागे एक, आणि दोन तुकड्यांमधलं अंतर बरोबर एका तुकडीच्या रुंदीइतकं. हुकूम झाला की प्रत्येक तुकडी जागच्या जागी काटकोनात वळायची आणि काही क्षणांत चालती ओळ लढती रांग होऊन उभी. किलोमीटरभर लांब झडप एकदम बंद.

पण अंतर चुकलं तर? कमी झालं तर पट्ट्या एकमेकींवर चढतात, माणसं दाटीत चेंगरतात. जास्त झालं तर रांगेत भगदाड पडतं, आणि त्या भगदाडात शत्रूचं घोडदळ शिरतं. म्हणजे नांगरलेल्या शेतांतून, ओढ्यांतून, गोठलेल्या ढेकळांवरून तासन्‌तास चालताना प्रत्येक माणसाचं पाऊल सारखं पडलं पाहिजे. प्रशियाच्या पायदळात एका ठेक्यात पाऊल टाकायची शिस्त रुजवली ती आनहाल्ट-डेसाउच्या लेओपोल्ड राजपुत्राने, फ्रेडरिकच्या बापाच्या काळात. लोखंडी ठासणी गजही त्यानेच आणला. गजाची नक्कल ऑस्ट्रियाने लवकरच केली, आणि तोफांच्या बाबतीत तर लिख्टेनश्टाइनच्या राजपुत्राने केलेल्या सुधारणांमुळे ऑस्ट्रिया उत्तमच होता. 1757 साली हत्यारांत फारसा फरक उरला नव्हता. चालण्यात होता. आणि लेओपोल्डचाच मुलगा, मॉरिट्स, लॉयटेनला प्रशियाच्या पायदळाच्या पुढे होता.

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी शब्द आहेत, कारण आपणही हे भोगलं आहे. कवायत, पलटण, गारदी, कंपू. लॉयटेननंतर सुमारे तीन वर्षांनी, 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर इब्राहिमखान गारदी जी कवायती पायदळाची पथकं घेऊन उभा होता, ती त्याने दख्खनमध्ये बुसीच्या फ्रेंच फौजेकडून शिकलेल्या पद्धतीवर बांधली होती. मूळ तेच: तीच गुळगुळीत नळी, तीच रांग, तोच बगलेचा धोका.

ती सकाळ

ऑस्ट्रियाचा सेनापती होता लोरेनचा प्रिन्स चार्ल्स, मारिया तेरेसाचा दीर. फ्रेडरिककडून तो आधी चार लढाया हरला होता. त्याच्याबरोबर होता डाउन, कोलीनचा विजेता, सावध माणूस. ब्रेस्लाऊजवळच्या भक्कम जागेत ते बसून राहिले असते तर फ्रेडरिकची पंचाईत झाली असती. पण ताज्या विजयाच्या भरात ते नदी ओलांडून पश्चिमेला आले. राजा एवढ्या थोड्या माणसांनिशी लढेल असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी भाकरीच्या भट्ट्या फौजेच्याही पुढे नॉयमार्क्टला पाठवल्या होत्या. 4 तारखेला प्रशियाच्या हुसारांनी, म्हणजे हलक्या घोडेस्वारांनी, त्या भाजलेल्या पावांसकट ताब्यात घेतल्या.

5 च्या सकाळी ऑस्ट्रियाची रांग उत्तरेला निप्पर्न गावापासून दक्षिणेला साकशुट्स गावापर्यंत पसरली होती, मधे लॉयटेन. सात-आठ किलोमीटर. एवढी लांब रांग सुरक्षित वाटते, पण तिच्या एका टोकाला काय चाललंय हे दुसऱ्या टोकाला कळायला घोडेस्वार दौडत जावा लागतो. हे लक्षात ठेवा.

पहाटेच्या अंधुक धुक्यात बोर्न या गावापाशी सॅक्सन घोडदळाची एक पुढची फळी होती. प्रशियाच्या स्वारांनी ती उधळली, पाचशेच्या वर कैदी धरले, आणि फ्रेडरिकने ते कैदी आपल्या येणाऱ्या पायदळाच्या शेजारून मुद्दाम चालवत नेले, हरलेले शत्रू सगळ्यांना दिसावेत म्हणून. मग तो टेकडीवर चढला. समोर ऑस्ट्रियाची अख्खी फौज उघड्यावर उभी. हा मुलूख त्याला पाठ होता, कारण शांततेच्या वर्षांत त्याने याच भागात सराव घेतले होते. त्याला दोन गोष्टी दिसल्या. शत्रूचं उत्तरेचं टोक झाडी आणि दलदलीत सुरक्षित होतं, दक्षिणेचं टोक मात्र मोकळं लोंबकळत होतं. आणि त्याच्या व शत्रूच्या मधे, उत्तर-दक्षिण अशी, बुटक्या टेकड्यांची एक ओळ होती. टेकड्या म्हणायलाही संकोच वाटावा इतक्या बुटक्या. पण मागे चालणारा माणूस झाकण्यापुरत्या.

त्याने आधी उत्तरेवर हल्ला करत असल्याचं सोंग केलं. घोडदळाने बोर्नच्या पळणाऱ्यांचा त्या दिशेने पाठलाग केला, आणि येणाऱ्या पायदळाच्या चार ओळी तिकडेच निघाल्यासारख्या दिसत होत्या. उत्तरेच्या टोकावरचा घोडदळाचा सेनापती लुकेसी याची खात्री पटली की घाला आपल्यावरच येणार. तो मदतीसाठी निरोपामागून निरोप पाठवू लागला. शेवटी राखीव तुकड्या आणि दक्षिणेकडचं काही घोडदळ त्याच्याकडे धाडलं गेलं. नेमकी जी बाजू उघडी होती ती आणखी पातळ झाली.

मग प्रशियाच्या फौजेने उजवीकडे वळून दक्षिणेला चालायला सुरुवात केली. चार ओळींच्या दोन झाल्या, म्हणजे लढाईच्या दोन रांगाच, पट्ट्या उघडलेल्या अवस्थेत, टेकड्यांआड. ऑस्ट्रियन सेनापतींना मधेच काही तुकड्या दिसेनाशा झाल्या. ही मंडळी माघार घेताहेत, जाऊ द्या त्यांना सुखाने, असं डाउन म्हणाल्याचं सांगतात. शब्द खरे असोत वा नसोत, समज तोच होता.

या तासाभरातली जोखीम नीट समजून घ्यायला हवी. बरोबर एक महिना आधी रॉसबाखला फ्रेंचांनी हेच केलं होतं: फ्रेडरिकच्या समोरून चालत त्याची बगल गाठायचा प्रयत्न. त्याने त्यांना चालता चालताच गाठलं आणि रांग लावायच्या आत मोडलं. चालती ओळ म्हणजे उघडी झडप, ती सगळ्यात दुबळ्या अवस्थेत असते. आता तो स्वतः तेच करत होता, दुप्पट मोठ्या फौजेसमोर. टेकड्या झाकत होत्या हे खरं, पण टेकड्या काही पावलं जुळवून देत नाहीत. इतिहासकारांनी हे अनेकदा नोंदवलेलं आहे की त्या दुपारी दोन्ही ओळी दक्षिणेला पोचल्या तेव्हा तुकड्यांमधली अंतरं कवायतीच्या मैदानावर असावीत तशी होती. मला या सबंध लढाईत याहून विलक्षण दुसरं काही वाटत नाही, आणि यात एकही गोळी सुटलेली नाही.

तिरकी काडी

दुपारी एकच्या सुमारास झडप बंद झाली. प्रशियाची फौज आता ऑस्ट्रियाच्या दक्षिण टोकाला तिरकी उभी होती. कोलीनची चूक परत होऊ नये म्हणून फ्रेडरिकने एक साधी, कडक व्यवस्था केली. सगळी रांग एकदम पुढे जाणार नाही. आधी सगळ्यात उजवीकडची पलटण निघेल, ती पन्नास पावलं गेली की तिच्या डावीकडची, मग तिच्या डावीकडची. जिन्याच्या पायऱ्यांसारखी. त्यामुळे डावं टोक उजव्यापेक्षा सुमारे हजार पावलं मागे राहिलं. ते लढाईत ओढलं जाण्याची शक्यताच संपली, आणि तरी ते समोर दिसत असल्यामुळे ऑस्ट्रियाच्या मधल्या फौजेला हलता येईना. शिवाय पुढे कुठे कमी पडलं तर मागून ताजी पलटण आपोआप येऊन भिडणार.

साकशुट्सपाशी ऑस्ट्रियाच्या बाजूने उभे होते वुर्टेम्बर्ग आणि बव्हेरियाचे भाडोत्री मदतगार. तिथला सेनापती नादाश्दी अनुभवी होता. त्याला काय येतंय ते कळलं, त्याने मदतीसाठी घोडेस्वार धाडले, पण वरिष्ठांचं लक्ष उत्तरेकडे होतं. प्रशियाने ग्लोगाऊच्या किल्ल्यातून बारा पौंडी जड तोफा ओढून आणल्या होत्या. मैदानी लढाईत एवढं वजन कोणी आणत नसे. सैनिक त्यांना गुरगुरणाऱ्या म्हणत. त्या टेकडीवर चढल्या आणि रांगेच्या लांबीवरून गोळे सुटू लागले. वुर्टेम्बर्गचे लोक फुटले, पळताना बव्हेरियनांनाही घेऊन गेले. नादाश्दीच्या घोडदळाने त्सीटेनच्या स्वारांना काही वेळ रेटलं, पण त्यांच्या मागे प्रशियाचं पायदळ उभं होतं, आणि शेवटी तेही मागे हटलं.

आता ऑस्ट्रियाला आपली रांग वळवणं भाग होतं. पश्चिमेला तोंड करून उभी असलेली सात-आठ किलोमीटरची ओळ दक्षिणेकडे. संचलनातल्या बाहेरच्या मुलाची गोष्ट आठवा. निप्पर्नकडच्या पलटणींना किलोमीटर-किलोमीटर धावत यावं लागलं. आल्या तशा त्या लॉयटेन गावाभोवती दाटत गेल्या. काही ठिकाणी माणसं तीस-तीस ओळी खोल उभी होती. पुढच्या तीन ओळींखेरीज कोणाला बंदूक उडवता येत नव्हती, आणि त्या घोळक्यात पडलेला एकही गोळा वाया जात नव्हता. संख्येचं बळ, ज्यावर चार्ल्सचा भरवसा होता, तेच आता ओझं झालं.

तरीही लॉयटेन सहज पडलं नाही, आणि ऑस्ट्रियन सैनिकांच्या शौर्याबद्दल लोक कमी बोलतात याचं मला वाईट वाटतं. गावातल्या चर्चभोवती दगडी भिंत होती, तिच्या आड वुर्त्सबुर्गची पलटण होती. त्यांच्या सेनापतींनी त्यांना अशक्य जागी आणून सोडलं होतं आणि ते तिथे लढले. प्रशियाच्या खास गार्ड पलटणी त्या भिंतीवर आपटून परत येत होत्या. एका पलटणीचा म्होरक्या फाटकापाशी घुटमळला तेव्हा म्योलेनडॉर्फ नावाच्या कॅप्टनने पुढे होऊन माणसं आत घुसवली. पुढे तो फील्डमार्शल झाला. गाव घ्यायला अर्धा-पाऊण तास लागला, आणि ते घेतल्यावरही उत्तरेच्या उंचवट्यावरच्या ऑस्ट्रियन तोफांनी प्रशियाला थोपवून धरलं. फ्रेडरिकला राखून ठेवलेली डावी बाजूही झोकावी लागली. आता त्याच्याकडेही पायदळ शिल्लक नव्हतं.

चारच्या सुमारास, सूर्य बुडता बुडता, लुकेसीला संधी दिसली. प्रशियाच्या पायदळाची डावी बगल उघडी पडली होती. त्याने आपलं सगळं घोडदळ तिच्यावर सोडलं. निर्णय बरोबर होता, क्षणही बरोबर होता. पण राडाक्सडॉर्फ गावामागच्या उतारावर ड्रीझेन हा प्रशियाचा सेनापती डाव्या बाजूचं घोडदळ घेऊन सकाळपासून गप्प थांबला होता. लुकेसीच्या स्वारांनी त्याला पाहिलंच नाही. समोरून, बाजूने आणि मागून एकदम मार बसला. लुकेसी मारला गेला. पळणारे घोडे आपल्याच पायदळाच्या घोळक्यात घुसले आणि ऑस्ट्रियाची फौज फुटली.

रात्री बर्फ पडायला लागलं. अंधारात चालणाऱ्या प्रशियाच्या फौजेत एका सैनिकाने देवाचे आभार मानणारं जुनं जर्मन भजन सुरू केलं आणि सगळे गाऊ लागले, अशी कथा आहे. ती पुढच्या शतकांत फुगत गेली, राष्ट्रवादी लोकांनी तिचं देवघर केलं. पण त्याच रानात हजारो जखमी थंडीत पडले होते हे त्या चित्रांत सहसा दिसत नाही.

हिशेब

ऑस्ट्रियाचे सुमारे 22,000 गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त कैद झाले. शंभराहून अधिक तोफा गेल्या. दोन आठवड्यांनी ब्रेस्लाऊतल्या सुमारे 17,000 ऑस्ट्रियन सैनिकांनी शरणागती पत्करली. प्रिन्स चार्ल्सला सेनापतिपद सोडावं लागलं, त्याच्या जागी डाउन आला. मॉरिट्सला राजाने रणांगणावरच फील्डमार्शल केलं. पुढे नेपोलियनने या एका लढाईवरून फ्रेडरिकला थोर सेनापतींच्या पंगतीत बसवलं.

प्रशियाचे सुमारे 6,400 मेले किंवा जखमी झाले. ऑस्ट्रियाच्या शेजारी हा आकडा लहान दिसतो, पण तो पाच-सहांतला एक माणूस होतो, आणि हीच माणसं होती ज्यांना तसं चालता येत होतं. त्यांतले बरेच शेतकऱ्यांचे मुलगे. प्रशियात प्रत्येक पलटणीला भरतीसाठी मुलूख वाटून दिलेला असे. मुलगा सैन्यात दाखल होई, वर्षातले दोन-तीन महिने कवायत करी, बाकी वेळ गावी शेती करी, आणि असं वर्षानुवर्षं चाले. त्या सरावाला बारा-पंधरा वर्षं लागली होती. प्राग, कोलीन, ब्रेस्लाऊ आणि लॉयटेन या लढायांत ती माणसं एका वर्षात खर्ची पडली. त्यांच्या जागी आली ती नवी पोरं, युद्धकैदी, जबरदस्तीने कोट चढवलेले सॅक्सन.

फ्रेडरिकने तिरका हल्ला पुन्हा केला. ऑगस्ट 1758 मध्ये त्सोर्नडॉर्फला रशियनांवर, पण रांगेतली अंतरं सुटली, एक बाजू एकटी पडली आणि लढाई कत्तलीत संपली. 12 ऑगस्ट 1759 ला कुनर्सडॉर्फला त्याने रशियन आणि ऑस्ट्रियन फौजेला वळसा घालायचा प्रयत्न केला. या वेळी जमीन त्याच्या ओळखीची नव्हती, वाटेत तळी आणि दलदल निघाली, उन्हाळ्याच्या उन्हात दमलेले नवे सैनिक रांग धरू शकले नाहीत. त्या रात्री त्याने बर्लिनला मंत्र्याला लिहिलं की 48,000 च्या फौजेतले या क्षणी माझ्याजवळ 3,000 सुद्धा नाहीत.